टेलिफोन ऑपरेटरचा पगार कोण ठरवतो?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



मजुरीचा दर बाजारात ठरतो, असे अर्थशास्त्राची क्रमिक पुस्तके सांगतात. कामाला लागणारे कौशल्य, त्या कौशल्याची टंचाई आणि कामगाराची उत्पादकता यांचा मेळ बसला की वेतनाचा आकडा आपोआप निघतो, असा त्यांचा दावा असतो. हा दावा तपासून पाहावयाचा असेल तर गिरणी किंवा खाण यांच्याकडे जाण्याऐवजी टेलिफोनच्या स्विचबोर्डाकडे पाहावे. हा धंदा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जन्मला, विसाव्या शतकात वाढला आणि त्याच शतकात ओसरला. त्यामुळे त्याचा वेतनाचा हिशेब आरंभापासून अखेरपर्यंत मांडता येतो.

प्रथम काम कोणते ते पाहू. बोर्डावर दिवा लागला की ऑपरेटरने दोरीचा प्लग त्या भोकात घालायचा, नंबर विचारायचा, हवी ती लाइन मोकळी आहे की नाही हे तपासायचे, दुसरा प्लग घालून घंटी द्यायची, संभाषण संपले की दोन्ही दोऱ्या काढायच्या. ट्रंक कॉल असेल तर तिकिटावर वेळेची नोंद करायची. हे सारे एका कॉलचे. असे अनेक कॉल एकाच वेळी हाताळायचे. कानाला हेडफोन, तोंडी ठरवून दिलेली वाक्ये, आणि पाठीशी केव्हाही संभाषण ऐकू शकणारी देखरेखनीस. डोळे, कान, हात आणि स्मरणशक्ती यांची इतकी एकत्रित ओढाताण करणारी कामे फार थोडी. तरीही हे काम ‘अकुशल’ किंवा फार तर ‘निमकुशल’ गणले गेले. असे का झाले, हा खरा प्रश्न आहे.

‘स्वभावाने येणारे’ कौशल्य

अमेरिकेत टेलिफोन आला तेव्हा बोर्डावर तारखात्यातल्यासारखी पोरगी मुले बसवली जात. ती ग्राहकांशी उर्मटपणे बोलत, आपसांत दंगा करीत. म्हणून बोस्टनमध्ये १ सप्टेंबर १८७८ रोजी एम्मा नट या तरुणीला नेमण्यात आले. त्या काळच्या नोंदींप्रमाणे तिला आठवड्याला ५४ तास काम आणि महिना १० डॉलर पगार होता. प्रयोग यशस्वी झाला, आणि थोड्याच वर्षांत हे काम जवळजवळ पूर्णपणे स्त्रियांचे झाले.

कंपन्यांनी स्त्रीचा मृदू आवाज, संयम आणि सौजन्य हेरले. धंद्याला त्याचा लाभ होता. परंतु हे गुण शिकून कमावलेले नसून स्त्रीच्या अंगचेच आहेत, असे एकदा म्हटले की त्यांची किंमत मोजण्याचे कारण उरत नाही. पुरुष तारा जोडण्याचे काम शिकला तर ते कसब ठरले. स्त्री शेकडो लाइनींची गुंतागुंत डोक्यात ठेवून दिवसभर शांतपणे बोलत राहिली तर तो तिचा स्वभाव ठरला. वेतन कमी ठेवण्याची ही पहिली युक्ती.

दुसरी युक्ती वेतनश्रेणीच्या रचनेत होती. आरंभीचा पगार अत्यल्प ठेवायचा, वाढ थोडीथोडी द्यायची आणि कमाल वेतनापर्यंतचा जिना बऱ्याच वर्षांचा करायचा. ऑपरेटर बहुधा अविवाहित तरुणी असत आणि लग्न होताच त्यांनी नोकरी सोडावी अशी अपेक्षा असे. म्हणजे जिन्याच्या वरच्या पायरीवर पोहोचणाऱ्या थोड्याच. कमाल आकडा कागदावर दाखवायचा आणि प्रत्यक्षात बहुसंख्य मुलींना खालच्या पायऱ्यांचाच पगार द्यायचा, असा हा हिशेब होता.

तिसरी युक्ती तासांची. कॉलची गर्दी सकाळी आणि संध्याकाळी उसळते, मध्ये ओसरते. म्हणून एकाच ऑपरेटरची पाळी दोन तुकड्यांत विभागली जाई. मधले तास तिचे म्हणायचे, पण घरी जाऊन परत येण्याइतकीही सवड नसायची, आणि त्या तासांचे वेतन नाही. दिवस सारा कंपनीचा, पगार मात्र अर्ध्याअधिक दिवसाचा.

१९२० पर्यंत अमेरिकेतील नोकरदार स्त्रियांपैकी सुमारे दोन टक्के स्त्रिया टेलिफोन ऑपरेटर होत्या. इतक्या मोठ्या वर्गाचा पगार टंचाई किंवा उत्पादकता यांनी ठरला नाही. हे काम कोणाचे मानले गेले, यावरून तो ठरला.

मालक बदलला, पण...

समाजवाद्यांनी विशेष ध्यानात घ्यावा असा अध्याय यापुढचा आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १ ऑगस्ट १९१८ पासून, अमेरिकन सरकारने टेलिफोन व्यवस्था ताब्यात घेतली आणि ती पोस्टमास्टर जनरल अल्बर्ट बर्लसन यांच्याकडे सोपवली. खासगी नफेखोरीच्या जागी सरकारी व्यवस्था आली, तेव्हा ऑपरेटरांना न्याय मिळेल असे वाटणे स्वाभाविक होते. घडले उलटेच. महागाई भडकलेली असताना न्यू इंग्लंडमधील ऑपरेटरांच्या वेतनवाढीच्या मागणीवर हे सरकारी खाते वाटाघाटीलाही बसेना.

१५ एप्रिल १९१९ रोजी ज्युलिया ओ’कॉनर यांच्या नेतृत्वाखाली सुमारे आठ हजार ऑपरेटर संपावर गेल्या. पुरुष कामगारांनी त्यांना साथ दिली. पाच राज्यांतील टेलिफोन व्यवहार ठप्प झाला आणि सहा दिवसांत सरकारला नमावे लागले. वेतनवाढ मिळाली, आणि संघटनेशी वाटाघाट करण्याचे तत्त्व मान्य झाले. ज्या कामाला अकुशल म्हटले जात होते ते थांबताच बाजार, बँका आणि कचेऱ्या यांना त्याचे मोल कळले.

चार वर्षांनी, १९२३ मध्ये, याच भागात पुन्हा संप झाला. तोपर्यंत टेलिफोन खासगी कंपन्यांकडे परत गेले होते आणि संघटनेत फूट पडली होती. हा संप फसला आणि न्यू इंग्लंडमधील ऑपरेटरांची संघटना मोडून पडली. काम तेच, प्रदेश तोच, कौशल्य तेच. बदलले होते ते फक्त एकजुटीचे बळ. या दोन संपांमधून मिळणारा धडा स्पष्ट आहे. सरकारी मालकी ही आवश्यक पायरी असू शकेल, परंतु ती आपोआप न्याय देत नाही. ज्यांच्या हातून काम होते त्यांचा आवाज व्यवस्थेत नसेल, तर सरकारही मालकासारखेच वागते.

यंत्राची किंमत कोणी मोजली?

त्याच १९१९ साली बेल कंपनीने व्हर्जिनियातील नॉरफोक येथे आपले पहिले स्वयंचलित डायल एक्सचेंज सुरू केले. पुढील काही दशकांत शहरामागून शहरात बोर्ड उठत गेले. जेम्स फायगेनबॉम आणि डॅनिएल ग्रॉस या अर्थशास्त्रज्ञांनी जनगणनेच्या नोंदींवरून या बदलाचा अभ्यास केला आहे. त्यांना आढळले ते असे की नंतरच्या पिढीतील मुलींना टंकलेखन, उपाहारगृहे अशा इतर क्षेत्रांत कामे मिळाली. पण यंत्र आले त्या वेळी बोर्डावर बसलेल्या स्त्रियांपैकी पुष्कळजणी दहा वर्षांनंतर कमी पगाराच्या कामात होत्या किंवा नोकरीबाहेर गेल्या होत्या. यांत्रिकीकरणाने समाजाचा तोटा होत नाही, असे सांगणारे सरासरीवर बोट ठेवतात. सरासरीत ती बाई दिसत नाही.

उरलेल्या ऑपरेटरांचा लढा चालूच राहिला. एप्रिल १९४७ च्या देशव्यापी संपात साडेतीन लाखांच्या आसपास टेलिफोन कामगार उतरले, त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. पुढे १९७० मध्ये समान नोकरसंधी आयोगाने अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ कंपनीविरुद्ध तक्रार केली. कामांची ‘पुरुषांची’ आणि ‘स्त्रियांची’ अशी विभागणी करून कंपनी स्त्रियांना कमी वेतनात कोंडून ठेवते, हा तिचा गाभा होता. १८ जानेवारी १९७३ च्या तडजोडीनुसार कंपनीला सुमारे दीड कोटी डॉलरची मागील भरपाई द्यावी लागली, आणि तीही प्रामुख्याने स्त्रियांना. एम्मा नट बोर्डावर बसल्यानंतर ९४ वर्षांनी ही भरपाई मिळाली.

भारतातील हिशेब

भारतात ही कहाणी निराळ्या वाटेने गेली. कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे १८८२ मध्ये एक्सचेंजे निघाली ती खासगी कंपनीची. मुंबईची टेलिफोन सेवा १९४३ मध्ये सरकारने घेतली. स्वातंत्र्यानंतर टेलिफोन डाक-तार खात्याकडे राहिला, त्यामुळे ऑपरेटरचा पगार कंपनीऐवजी वेतन आयोग ठरवू लागला. १९७३ च्या तिसऱ्या वेतन आयोगानंतर खात्यातील टेलिफोन ऑपरेटरची श्रेणी रुपये २६०–४८० होती. १९८६ च्या चौथ्या आयोगानंतर ती ९७५–१६६० झाली. ही श्रेणी खात्यातील कारकुनाची होती, आणि स्त्री व पुरुष दोघांना एकच होती. अमेरिकेतील ऑपरेटरांना जे शतकभर मिळाले नाही ते येथे नियमानेच मिळाले, ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु आयोगाच्या मेजावर जे आले ते कार्यालयात बसून आलेले नाही. गरजेवर आधारित किमान वेतनाचे सूत्र १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने मान्य केले होते. ते अमलात यावे म्हणून केंद्रीय कर्मचाऱ्यांनी १९ सप्टेंबर १९६८ रोजी लाक्षणिक संप केला. सरकारने वटहुकूम काढून त्यावर बंदी घातली, अटकसत्र चालवले, अनेकांच्या नोकऱ्यांवर गदा आणली. डाक-तार कर्मचारी त्या संपात अग्रभागी होते. वर्षानुवर्षे एकाच जागी कुजणाऱ्या ऑपरेटरला १६ वर्षांच्या सेवेनंतर वरची श्रेणी देण्याची योजना १९८३ मध्ये आली, तीही संघटनांच्या रेट्याविना आली नसती.

याच खात्यात दुसरे दृश्यही होते. लाइटनिंग ट्रंक कॉलला साध्या कॉलच्या आठपट दर आकारणाऱ्या खात्याने १९८० नंतर राखीव प्रशिक्षित उमेदवारांचा एक ताफा ठेवला. शिक्षण तेच, काम तेच, पण मोबदला तासावर. कायम आणि हंगामी यांच्यातील ही दरी सरकारी छपराखालीच पडली होती. खात्यातील रोजंदारी मजुरांच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये सरकारला खडसावले आणि कायम कामगारांच्या श्रेणीतील किमान वेतन व महागाई भत्ता त्यांना देण्याचा आदेश दिला.

त्याच १९८७ सालचा, मुंबईतील मॅकिनन मॅकेन्झी कंपनीचा खटलाही कार्यकर्त्यांनी अभ्यासावा. तेथे स्त्री लघुलेखकांना पुरुष लघुलेखकांपेक्षा कमी वेतन होते. या जागांवर स्त्रियाच असतात, त्यांचे काम वेगळे, असा बचाव कंपनीने केला. न्यायालयाने तो फेटाळला. पण पुरुषांशी तुलना करता येत होती म्हणून हा न्याय मिळू शकला. स्विचबोर्डावर स्त्रियाच असतील, तर ‘समान काम’ म्हणून बोट दाखवायचे कोणाकडे? १९७६ चा समान वेतन कायदा, आणि तो जिच्यात सामावला गेला ती २०१९ ची वेतन संहिता, दोन्हींचा भर एकाच किंवा सारख्या कामावर आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९५१ चा करार मात्र समान मूल्याच्या कामाला समान वेतन असे म्हणतो, आणि भारताने १९५८ मध्ये त्याला मान्यता दिलेली आहे. या दोन शब्दप्रयोगांतील अंतरातच ऑपरेटरचे वेतन हरवते.

पुढचे काम

सरकारी एक्सचेंजमधील बोर्ड आता इतिहासजमा झाला. कायम ऑपरेटरांना यंत्र येताच रस्त्यावर काढले गेले नाही, त्यांना खात्यातच दुसरे काम मिळाले. संघटना असण्याचा हा अर्थ. २०१९ च्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत बीएसएनएल आणि एमटीएनएल मिळून नव्वद हजारांहून अधिक कर्मचारी बाहेर पडले आणि एक पर्व संपले. परंतु स्विचबोर्ड संपला तरी काम संपलेले नाही. रुग्णालये, हॉटेले आणि मोठ्या कचेऱ्या यांच्या बोर्डावर ऑपरेटर आजही बसते. पुष्कळ ठिकाणी ती ठेकेदाराची असते आणि तिचा पगार किमान वेतनाच्या रेषेला चिकटलेला असतो. कॉल सेंटरमधील तरुण-तरुणींच्या कानावर तोच हेडफोन आहे, तोंडी तीच ठरवून दिलेली वाक्ये आहेत, आणि पाठीमागे बसणाऱ्या देखरेखनिसाची जागा ध्वनिमुद्रणाने घेतली आहे.

या सर्वांची मोट बांधणे सोपे नाही, कारण ती विखुरलेली आहेत आणि कागदोपत्री त्यांचे मालकही निराळे आहेत. तरी आरंभ कोठून करावा हे वरील इतिहास सांगतो. ज्या रुग्णालयात किंवा कार्यालयात कार्यकर्त्याचा वावर आहे तेथे त्याने प्रथम चार गोष्टींची माहिती जमवावी: बोर्डावरील ऑपरेटर कोणाच्या हजेरीपटावर आहे, तिची पाळी सलग आहे की तुटक, कमाल वेतनाला पोहोचायला किती वर्षे लागतात, आणि शेजारच्या मेजावरील कारकुनाला काय मिळते. या चार प्रश्नांची उत्तरे एका कागदावर आली की वेतन बाजाराने ठरवले की मालकाने, हे निराळे सांगावे लागत नाही. मागणीचा मसुदाही त्याच कागदातून तयार होतो.