बर्फापर्यंत पोचलेला बर्ड फ्लू

बर्ड फ्लू म्हटलं की आपल्याला नवापूर आठवतं. 2006 च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या या गावात लाखो कोंबड्या मारून खड्ड्यांत पुरल्या होत्या. क्रूर वाटला तरी तिथे उपाय हाताशी होता. 1996 मध्ये चीनमधल्या पाळीव हंसांत सापडलेल्या एच5एन1 विषाणूचंच ते कूळ. आज त्याचा एक वंशज अशा ठिकाणी पोचलाय, जिथे ना पोल्ट्री आहे, ना खड्डे खणणारं कुणी.

ऑक्टोबर 2023 मध्ये दक्षिण अटलांटिकमधल्या दक्षिण जॉर्जियाजवळच्या बर्ड बेटावर काही स्कुआ पक्षी आजारी दिसले. तपासणीत हाच विषाणू निघाला. स्कुआ म्हणजे तपकिरी, दांडगट, आकड्यासारख्या चोचीचा पक्षी. पेंग्विनची अंडी पळवायची, दुसऱ्याच्या तोंडचा घास हिसकायचा आणि मेलेलं काही दिसलं की तुटून पडायचं, हा त्याचा खाक्या. रोगाने मेलेल्या जनावरावर ताव मारला की पुढचा नंबर त्याचाच. शिवाय उडायला पक्का. हजार-दोन हजार किलोमीटर म्हणजे काहीच नाही.

खरा घाला पडला तो मात्र हत्ती सीलवर. त्यांच्या माद्या किनाऱ्यावर दाटीवाटीने वितात आणि तीनेक आठवडे उपाशीपोटी पिल्लांना पाजतात. संसर्गाला आणखी काय हवं? अर्जेंटिनातल्या वाल्देस द्वीपकल्पावर 2023 च्या हंगामात सतरा हजारांहून अधिक पिल्लं दगावली. म्हणजे जवळजवळ सगळीच. दक्षिण जॉर्जियात ड्रोनने टिपलेल्या छायाचित्रांवरून मोजणी झाली, तेव्हा 2022 च्या तुलनेत 2024 मध्ये विणीला आलेल्या माद्या सुमारे 47 टक्क्यांनी घटलेल्या आढळल्या. पेंग्विनांचा मात्र भीती होती तेवढा संहार अजून तरी झालेला नाही.

फेब्रुवारी 2024 मध्ये खुद्द अंटार्क्टिकाच्या भूमीवर, पुन्हा स्कुआंतच, विषाणू सापडला. उत्तरेकडे अलास्कात तर एक ध्रुवीय अस्वलही त्याने मेलं. यावर करण्यासारखं फार थोडं. अंटार्क्टिकात पर्यटकांनी बूट धुवायचे, जमिनीवर बसायचं नाही, पिशवीसुद्धा टेकवायची नाही. ठीक आहे, पण स्कुआला कोण अडवणार?

दक्षिण जॉर्जियाकडून विषाणू पूर्वेकडे, हिंदी महासागराच्या दक्षिण भागात सरकला: 2024 मध्ये केर्गेलेन बेटं, 2025 मध्ये हर्ड बेट. नकाशावर हर्डपासून बोट सरळ खाली आणा, पूर्व अंटार्क्टिकाचा किनारा लागतो. आपलं ‘भारती’ संशोधन केंद्र तिथेच आहे, आणि त्या भागात उन्हाळ्यात स्कुआ घरटी करतात.