वेशाची मर्यादा आणि माणसाची प्रतिष्ठा

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सन २०१४ च्या जुलै महिन्यातील एक प्रसंग आहे. चेन्नईच्या चेपॉक भागात तमिळनाडू क्रिकेट असोसिएशनचा क्लब आहे. तेथे एका माजी मुख्य न्यायाधीशांच्या पुस्तकाचा प्रकाशन समारंभ होता. मद्रास उच्च न्यायालयाचे विद्यमान न्यायमूर्ती डी. हरिपरंथामन हे निमंत्रित म्हणून तेथे गेले. त्यांनी पांढरा सदरा आणि वेष्टी, म्हणजे तमिळ पद्धतीचे धोतर, परिधान केले होते. दारावरच त्यांना अडविण्यात आले. क्लबच्या नियमात धोतर बसत नाही, हे कारण सांगण्यात आले. न्यायमूर्ती परत फिरले. ज्या प्रदेशात लग्नमंडपापासून विधानसभेपर्यंत वेष्टी हाच सन्मानाचा पोशाख समजला जातो, त्याच प्रदेशाच्या राजधानीत हे घडले.

या घटनेचे पडसाद विधानसभेत उमटले. तत्कालीन मुख्यमंत्री जयललिता यांनी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कायदा संमत करून घेतला. क्लब, संघटना, न्यास, कंपनी अथवा सोसायटी यांच्या ताब्यातील सार्वजनिक जागेत वेष्टी किंवा अन्य भारतीय पारंपरिक पोशाख केला म्हणून कोणालाही प्रवेश नाकारता येणार नाही, असे त्या कायद्याने ठरविले. नियमभंग करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास आणि पंचवीस हजार रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद झाली. या यादीत ‘न्यास’ हा शब्दही आहे, हे विश्वस्त मंडळींनी अवश्य ध्यानात घ्यावे.

कायदा झाला, पण प्रश्न सुटला असे म्हणता येत नाही. पोशाखाचे नियम आणि जुने शिष्टाचार आजच्या काळात सयुक्तिक आहेत काय? असल्यास कोणते आणि नसल्यास का नाहीत? या प्रश्नाचा विचार शांतपणे व्हावयास हवा.

क्लब ही संस्था इंग्रजांबरोबर या देशात आली. परक्या मुलुखात आपल्या माणसांत बसावे, आपल्या चालीरीती जपाव्यात, हा त्यामागील हेतू होता. कोट, टाय आणि बूट हे त्या चालीरीतींचे दृश्य रूप होते. लोकरीचा जाड कोट विलायतेच्या थंडीत सोयीचा असतो. मुंबईच्या किंवा मद्रासच्या उकाड्यात तो घालण्याचे कारण हवामानात सापडत नाही. ते अधिकारात सापडते. अनेक क्लबांत हिंदी माणसाला सभासदत्वच मिळत नसे. अशा काळात, १९१८ साली, मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी युरोपियन आणि हिंदी अशा दोघांसाठी खुला असलेला क्लब स्थापन केला. वर्णाची भिंत पाडणारी ती संस्था होती. परंतु त्याच विलिंग्डन क्लबमधून १९८८ साली थोर चित्रकार एम. एफ. हुसेन यांना माघारी यावे लागले. ते अनवाणी होते, एवढाच त्यांचा दोष. एक भिंत पाडली की दुसरी नकळत उभी राहते, ती अशी.

२०१७ साली दिल्लीच्या गोल्फ क्लबमध्ये याहून क्लेशदायक प्रकार घडला. मेघालयातील एक खासी महिला आपल्या मालकिणीबरोबर निमंत्रित पाहुणी म्हणून भोजनास गेली होती. तिने ‘जैनसेम’ हा आपल्या जमातीचा पारंपरिक वेश केला होता. तो मोलकरणीसारखा दिसतो, असे सांगून तिला उठण्यास सांगण्यात आले. पुढे क्लबने दिलगिरी व्यक्त केली. पण या प्रसंगाने एक गोष्ट उघड केली. नियम वस्त्राविषयी असतो असे आपण समजतो. प्रत्यक्षात पुष्कळदा तो माणसाच्या पायरीविषयी असतो.

मात्र सारा दोष इंग्रजांच्या माथी मारून मोकळे होणे न्यायाचे होणार नाही. वेशावरून पायरी ठरविण्याची रीत या भूमीतही जुनी आहे. त्रावणकोर संस्थानात नाडर समाजाच्या स्त्रियांना अंगावर वरचे वस्त्र घेण्यासाठी दीर्घ संघर्ष करावा लागला आणि १८५९ साली तसा जाहीरनामा निघाला. महाराष्ट्रातही अमुक जातीने लुगडे अमुक पद्धतीनेच नेसावे, अमुक दागिने घालू नयेत, असे दंडक होते. १९२७ साली महाडच्या परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना उद्देशून भाषण केले आणि हीनतेची खूण ठरलेली नेसण्याची ती पद्धत सोडून देण्यास सांगितले. तेव्हा केवळ ‘परंपरा’ या शब्दाने कोणताही नियम पवित्र ठरत नाही, आणि केवळ ‘आधुनिक’ या शब्दाने कोणताही नियम शहाणा ठरत नाही.

याच ठिकाणी दोन महापुरुषांचे उदाहरण एकत्र ठेवून पाहण्यासारखे आहे. १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ हरि रावजी चिपळूणकर यांनी मेजवानी दिली. जरीचे पोशाख आणि दागदागिने घातलेल्या त्या सभेत महात्मा जोतीराव फुले शेतकऱ्याच्या साध्या वेशात गेले. या भरजरी मंडळींवरून हिंदुस्थानची कल्पना करू नये, खरा देश खेड्यात आहे, असे त्यांनी राजपुत्रास सुनावले. उलट डॉ. आंबेडकर आयुष्यभर उत्तम शिवलेला सूट आणि टाय वापरीत राहिले. ज्या समाजाला धड वस्त्र वापरण्याची मुभा नव्हती, त्या समाजाच्या माणसाने असा पोशाख करणे हीच मोठी घोषणा होती. एकाने भारी वस्त्र नाकारले, दुसऱ्याने स्वीकारले. वेश परस्परविरुद्ध, हेतू मात्र एकच : माणसाची प्रतिष्ठा.

महात्मा गांधींच्या चरित्रातही असाच बोध आहे. १८९३ साली डर्बनच्या न्यायालयात मॅजिस्ट्रेटने त्यांना पागोटे उतरविण्यास सांगितले. त्यांनी नकार दिला आणि ते बाहेर पडले. पुढच्याच वर्षी नाताळच्या सर्वोच्च न्यायालयात वकिलीची शपथ घेतल्यावर मुख्य न्यायाधीशांनी वकिलांच्या पोशाखाचा नियम सांगितला, तेव्हा त्यांनी तेच पागोटे उतरविले. मित्र नाराज झाले. पण मोठ्या लढ्यासाठी शक्ती राखून ठेवावी, हा त्यांचा विचार होता. १९२१ साली मदुराईत त्यांनी गरिबांशी एकरूप होण्यासाठी पंचा स्वीकारला आणि १९३१ साली त्याच वेशात ते लंडनला बादशहाच्या राजवाड्यात गेले. कोठे नमावे आणि कोठे ठाम राहावे, याचा विवेक त्यांच्यापाशी होता. नियम मोडणे हे त्यांचे व्रत नव्हते, तसेच नियम पाळणे हेही नव्हते.

तर मग सर्वच नियम टाकून द्यावेत काय? तसे मुळीच नाही. कापडाच्या जुन्या पेढीवरील शिरस्ता पाहावा. पांढऱ्याशुभ्र गादीवर येताना पादत्राणे खाली काढण्याची रीत होती. कारण उघड होते : गादीवर माल उलगडला जाई आणि धुळीने तो खराब होई. हा नियम शेठजींनाही होता, गिऱ्हाइकालाही होता आणि ठाण उचलणाऱ्या नोकरालाही होता. त्याच पेढीवर दुसरा अलिखित दंडक होता, तो असा की गिऱ्हाइकाच्या कपड्यावरून त्याची ऐपत जोखू नये. मळके धोतर आणि विटलेले मुंडासे घालून आलेला शेतकरी मुलीच्या लग्नाचा अख्खा बस्ता बांधून रोख पैसे मोजून जाई. त्याला प्रथम पाणी विचारावे, मग माल दाखवावा, ही व्यापाराची शिकवण होती. एक शिष्टाचार वस्तूचे रक्षण करी, दुसरा माणसाचे. दोन्ही आजही तितकेच खरे आहेत.

जिनमंदिरात पूजेसाठी धूतवस्त्र लागते, त्यामागे शुद्धीचा आणि अहिंसेचा भाव आहे. शस्त्रक्रियेच्या खोलीत वेगळा पोशाख लागतो, त्यामागे रुग्णाची सुरक्षितता आहे. शाळेच्या गणवेशामुळे कारखानदाराचा मुलगा आणि हमालाचा मुलगा एका बाकावर सारखे दिसतात. हे नियम कोणाला हिणवीत नाहीत.

ज्या संस्थांनी काळ ओळखला, त्यांनी नियमाचा गाभा राखून टरफल बदलले, असे दिसते. न्यायालयात ‘माय लॉर्ड’ असेच संबोधले पाहिजे असे नाही, आदरपूर्वक संबोधन पुरेसे आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१४ मध्ये स्पष्ट केले. मे २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे दूरदृश्य सुनावण्या सुरू असताना काळा कोट आणि गाऊन यांतून वकिलांना सूट मिळाली. पांढरा पोशाख आणि गळ्यातील पांढरे बँड पुरेसे मानले गेले. भारतीय नौदलाने २०२४ साली अधिकाऱ्यांच्या भोजनगृहांत कुर्ता-पायजम्यास परवानगी दिली. विम्बल्डनची टेनिस स्पर्धा १८७७ पासूनची आणि पांढऱ्या पोशाखाविषयी अत्यंत कडक. पण महिला खेळाडूंची अडचण ध्यानात घेऊन २०२३ पासून त्यांना आतील विजार गडद रंगाची घालण्याची मुभा मिळाली. पांढरा रंग राहिला, अडचण दूर झाली.

डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्क येथे जागतिक जलद बुद्धिबळ स्पर्धेत मॅग्नस कार्लसन जीन्स घालून आले. त्यांना दोनशे डॉलर दंड झाला. त्याच दिवशी वस्त्र बदलण्यास त्यांनी नकार दिला आणि ते स्पर्धेतून बाहेर पडले. पुढे संघटनेने नियम काहीसा सैल केला, तेव्हा ते अतिजलद स्पर्धेत परतले. येथे दोन्ही बाजूंना थोडे थोडे शहाणपण कमी पडले, असे म्हणता येईल. खेळाडूला नियम आधीच ठाऊक होता. संघटनेलाही किरकोळ बाबीत किती ताणावे हे कळावयास हवे होते.

काही मंडळी विचारतील की, क्लब ही खासगी संस्था आहे, तिने आपले नियम का करू नयेत? प्रश्न रास्त आहे. सभासदांनी आपसांत ठरविलेला नियम सभासदांनी पाळावा. परंतु दार उघडून, निमंत्रण देऊन पाहुण्यास बोलावले की तेथे यजमानपणाचा धर्म सुरू होतो. निमंत्रिताला उंबऱ्यावरून परत पाठविणे हे कोणत्याही संस्कृतीत शिष्टाचारात बसत नाही. शिष्टाचाराचा जन्मच मुळी समोरच्या माणसाला अवघडल्यासारखे होऊ नये यासाठी झाला आहे.

तेव्हा कोणताही नियम तीन कसोट्यांवर घासून पाहावा. पहिली, नियमाचे कारण लहान मुलालाही समजेल अशा शब्दांत सांगता येते काय? दुसरी, तो श्रीमंत आणि गरीब, स्त्री आणि पुरुष, विश्वस्त आणि शिपाई यांना सारखाच लागू आहे काय? तिसरी, ज्याच्यापाशी ते वस्त्र नाही, त्याच्यासाठी संस्थेने काही सोय केली आहे काय?

तिसऱ्या कसोटीचे सुंदर उदाहरण अमृतसरला पाहावयास मिळते. सुवर्णमंदिरात मस्तक झाकल्याशिवाय प्रवेश नाही. पण प्रवेशद्वाराशीच रुमालांनी भरलेली टोपली असते. रुमाल घ्यावा, डोके झाकावे, आत जावे. नियमही पाळला जातो आणि कोणी परतही जात नाही. चेपॉकच्या दारात नियम होता, टोपली नव्हती.

हा विचार घरापर्यंतही यावयास हवा. कित्येक संस्थांच्या दारावर पाट्या असतात आणि त्या वाचून तरुण पिढी बाहेरच थांबते. नोकरीवरून परस्पर आलेला मुलगा किंवा महाविद्यालयातून धावत आलेली मुलगी प्रवचनाला बसू इच्छिते. पोशाखावरून चारचौघांत टोकले की ते पुन्हा येत नाहीत. टोकणाऱ्याचा हेतू चांगला असतो, यात शंका नाही. पण वस्त्राची मर्यादा राखताना वाणीची मर्यादा सुटली, तर कोणती मर्यादा मोठी होती? दाराशी चार स्वच्छ उपरणी, चार ओढण्या घडी करून ठेवाव्यात; जवळ एखादा मृदुभाषी कार्यकर्ता असावा; पाटीवर नियमाबरोबर त्याचे कारणही लिहावे. यास खर्च फारसा येत नाही. दुसऱ्या बाजूने युवकांनीही ध्यानात घ्यावे की स्थळाला साजेसा वेश करणे हा गुलामीचा नव्हे, यजमानाविषयीच्या आदराचा भाग आहे. उत्तर-पत्रिकेला समास सोडतात, तसा वर्तनातही थोडा समास सोडावा.

बंधू-भगिनींनो, पन्नास वर्षांत संस्थेची इमारत उंच होते, नियमावलीची पाने वाढतात. सुवर्णमहोत्सव ही ती पाने पुन्हा एकदा उलगडून पाहण्याची वेळ आहे. जुने ठाण उन्हात पसरले की कसर कोठे लागली ते दिसते. चांगला भाग घडी घालून ठेवता येतो, खराब भाग बाजूला काढता येतो. नियमांचेही तसेच करावे. आणि पुढील पन्नास वर्षांत या दारातून वस्त्रामुळे एकही माणूस मान खाली घालून परत गेला नाही, असे शताब्दीच्या स्मरणिकेत लिहिता यावे, हीच या मंगल प्रसंगी सदिच्छा.

जय जिनेंद्र!