शहर कोणाच्या तंत्राने चालणार?



गर्दी पाहून वेळ बदलणारे सिग्नल, चालकाविना धावणारी वाहने, बर्फ वितळवणारे पदपथ, भुयारातून कचरा वाहणारे यंत्रमानव! कॅनडातील टोरोंटो शहराला २०१७ च्या ऑक्टोबरात अशा नगराचे स्वप्न दाखवण्यात आले. दाखवणारी साइडवॉक लॅब्स ही गूगलच्या मालक-कंपनीचीच शाखा. जागा सरोवरकाठची, सुमारे १२ एकर.

स्वप्नातील सारेच त्याज्य होते असे नव्हे. प्रश्न मालकीचा होता. शहराने माणसाच्या हालचालींना प्रतिसाद द्यायचा, तर त्या हालचालींची नोंद अहोरात्र ठेवावी लागते. ती नोंद कोणाची? प्रकल्पाच्या सल्लागार ॲन कावूकियन या ऑन्टॅरिओ प्रांताच्या माजी खासगीपणा आयुक्त. नोंदीतून व्यक्तीची ओळख तत्क्षणी पुसली जाईल, याची हमी सर्व सहभागी संस्थांकडून मिळत नाही असे दिसताच २०१८ मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

दुसरा प्रश्न अर्थकारणाचा. भावी मालमत्ता करात आणि जमिनीच्या वाढीव मूल्यात वाटा मिळावा, असा कंपनीचा मानस २०१९ च्या फेब्रुवारीत उघड झाला. जूनमधील आराखड्यात १२ एकरांचे १९० एकर झाले. जमिनीचे मूल्य सारा समाज आपल्या श्रमांनी आणि करांनी वाढवतो; त्यावर हक्क मात्र यंत्रे बसवणाऱ्याचा!

नागरिक संघटित झाले. ऑक्टोबरात कंपनीला पुन्हा १२ एकरांवर यावे लागले. ७ मे २०२० रोजी तिने प्रकल्प सोडला, तो आर्थिक अनिश्चिततेचे कारण देऊन. केवळ आंदोलनाने तो बंद पडला, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. पण त्याला लगाम घातला तो लोकांनीच.

भारतात २०१५ ते २०२५ या काळात पुण्यासह १०० शहरांत स्मार्ट सिटी योजना राबवली गेली. तिच्यासाठी शहरोशहरी कंपनी कायद्याखाली स्वतंत्र कंपन्या स्थापन झाल्या. लोकनियुक्त महापालिकेच्या शेजारी संचालक मंडळ बसले.

सिग्नल स्वयंचलित झाला, तरी आधी मोटारीला वाट द्यायची की पायी चालणाऱ्या कामगाराला, हे आधी कोणीतरी माणूसच ठरवतो. यंत्राच्या पोटात दडलेला हा निर्णय महापालिकेच्या सभागृहात खुलेपणाने व्हावा, ही मागणी वॉर्डावॉर्डांतून उठली पाहिजे. यंत्राला विरोध हे समाजवादाचे धोरण नव्हे. यंत्रावर लोकांची सत्ता हे आहे.