कुत्र्याचें वावडें

नवापूर तालुक्यांतील चिंचपाड्यासारख्या गांवीं कुत्रा अंगणांत राखणीस असतो. शहरांतील बिऱ्हाडांत तो बिछान्यापर्यंत येतो. मग मुलाला शिंका व धाप लागली कीं दोष केंसांवर येतो. तो व्यर्थ होय. विकार उत्पन्न करणारीं प्रथिनें लाळेंत व कातडीच्या कोंड्यांत असतात. कुत्रा हांकलून दिला तरी सतरंजींत तीं कित्येक आठवडे टिकतात. तेव्हां प्रथम निजण्याची खोली त्यास वर्ज्य करावी. मुलाला दमा असल्यास मात्र निर्णय डॉक्टरांवर सोंपवावा.

१९०६ सालीं व्हिएन्नाच्या फॉन पिर्के यांनीं काढलेला ॲलर्जी हा शब्द माणसापुरता राहिला नाहीं. कुत्राहि त्या विकारास बळी पडतो, पुष्कळदां पिसवांच्या लाळेमुळें. शेपटीच्या मुळाशीं तो सारखा चावूं लागतो, केंस झडतात, आणि घरचीं माणसें खरूज समजून तेल चोळीत बसतात! मारावयाच्या त्या पिसवा, अंगावरील तशाच त्याच्या गोणपाटांतील.