मोरीचे पाणी आणि कर्दळीचा वाफा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मला मोरीवर बोलायचे आहे. आनंदाच्या दिवशी हा कसला विषय, असे कोणी म्हणेल. पण ज्या जिल्ह्यात शेंडगावी १८७६ साली गाडगेबाबा जन्मले, तिथे घाणीविषयी बोलायला संकोच कशाचा? बाबा गावात आले की आधी खराटा हाती घेत, कीर्तन मागाहून.

माझ्या न्हाणीचे पाणी कित्येक वर्षे शेजारच्या काकूंच्या दारावरून वाहत असे. चिखल, डास, आणि वर आमचा अबोला! एका दिवाळीला फराळाचे ताटही गेले नाही. मग आम्ही शोषखड्डा खोदला. नांदेड जिल्ह्यात शोषखड्ड्यांनी मोठे काम केले आहे. पण आपली वऱ्हाडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगून पाणी पीतच नाही. श्रावणात खड्डा भरला आणि पाणी पुन्हा काकूंच्याच दारी.

पुढे वाचनात आले की, नागपूरच्या 'नीरी' या संस्थेने झाडांच्या मुळांकरवी सांडपाणी शुद्ध करण्याची 'फायटोरिड' नावाची रीत काढली आहे. जर्मनीत केटे झायडेल या विदुषीने १९५० नंतरच्या दशकात लव्हाळ्यांवर असेच प्रयोग केले होते. तत्त्व साधे आहे. गिट्टीवर आणि मुळांवर सूक्ष्म जिवाणू वाढतात. ते पाण्यातला मळ खातात, आणि उरलेले खत झाड घेते.

आम्ही घरात पाच माणसे. माणशी सुमारे एक चौरस मीटर जागा धरून दहा फूट लांब, पाच फूट रुंद, दोन फूट खोल वाफा खणला. तळाला जाड प्लॅस्टिक, वर धुतलेली गिट्टी, तीत कर्दळ. पाणी गिट्टीच्या चार बोटे खालीच राहील, अशा उंचीवर बाहेरची नळी बसवली. वर पाणी दिसतच नाही, मग डास अंडी घालणार कुठे?

वाफ्याच्या आधी जाळी लावलेले लहान टाके हवेच. घरच्या लग्नाच्या गडबडीत मी ते महिनाभर साफ केले नाही. खरकटे आणि तेल गिट्टीत बसले, दुर्गंधी सुटली, आणि पुढची सारी गिट्टी काढून धुवावी लागली. दोष वाफ्याचा नव्हता, माझा होता. आता दर शनिवारी टाके साफ करते.

दोन पथ्ये मात्र पाळा. संडासाचे पाणी यात कधीही सोडू नका. आणि बाहेर आलेले पाणी लिंबू-पपईच्या आळ्यात घाला. कोथिंबिरीला नको, पिण्याला तर नकोच.

यंदा महालक्ष्म्यांच्या आराशीसाठी काकू आपण होऊन कर्दळीची फुले मागायला आल्या. चहा घेऊनच गेल्या. भगिनींनो, आपल्या मोरीचे पाणी दुसरीच्या दारी जाऊ नये, एवढा नेम आपण आज करू या. जिला वाफा करायचा असेल तिने कर्दळीचे कंद माझ्याकडून न्यावेत. गिट्टी धुवायला मीही येईन.