हिशेब मागणारा नागरिक
(नगर वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील भाषण)



मत दिले की नागरिकत्व पाच वर्षे अडगळीत ठेवावयाचे, असा एक समज आपल्यात रूढ आहे. दुसरा समज असा की, मोर्चात गेलो, घोषणा दिल्या, म्हणजे कर्तव्य आटोपले. मोर्चे नि हरताळ कसे करावेत हे सीमाभागाला कोणी शिकवावयास नको. परंतु मोर्चाच्या दुसऱ्या दिवशी काय करावयाचे, हा धडा आपण राजस्थानातील मजुरांकडून घेतला पाहिजे.

१ मे १९९० रोजी भीम या गावी मजदूर किसान शक्ती संघटन स्थापन झाले. १९७५ साली सनदी नोकरी सोडलेल्या अरुणा रॉय त्यात होत्या. पण मूळ प्रश्न मजुरांचा होता. सरकारी कामावर पुरी रोजी हाती का पडत नाही? उत्तर ठरलेले : हजेरीपटावर तुमचे काम कमी भरले आहे. मग तो हजेरीपट दाखवा! तर म्हणे, तो सरकारी कागद, गुप्त आहे. घाम ज्याचा, त्याच्यापासूनच त्याची नोंद गुप्त! अन्यायाची मेख येथे आहे हे मजुरांनी अचूक हेरले. त्यांनी रोजीबरोबर कागद मागितला.

२ डिसेंबर १९९४ रोजी कोटकिराना येथे पहिली जनसुनावणी झाली. हाती आलेले कागद गावासमोर वाचून दाखविण्यात आले. अशा सुनावण्यांतून मृतांची नावे हजेरीपटावर सापडली, अर्धवट बांधकामे पूर्ण दाखविलेली आढळली. १९९५ साली मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत नकला देण्याचे आश्वासन दिले. वर्ष उलटले तरी आदेश निघेना. तेव्हा ६ एप्रिल १९९६ पासून ब्यावर शहरात चाळीस दिवस धरणे चालले. शहरातील लोकांनी धान्य नि भाजी पुरविली. खेड्यातील मजुराचे गाऱ्हाणे शहराने आपले मानले, हे मला त्या चाळीस दिवसांतील सर्वांत मोलाचे वाटते.

पुढे गोवा, राजस्थान, महाराष्ट्र अशा राज्यांनी कायदे केले आणि १२ ऑक्टोबर २००५ रोजी माहितीच्या अधिकाराचा केंद्रीय कायदा पूर्णपणे अमलात आला. दहा रुपयांचे शुल्क, तीस दिवसांत उत्तर.

आता आपल्याकडे पाहू. आपल्या पेठेतील गटार दर पावसाळ्यात तुंबते, आणि आपण कट्ट्यावर बसून नगरसेवकाला शिव्या देतो. त्या कामाची मंजूर रक्कम किती, मोजमाप पुस्तिकेत काय लिहिले आहे, हे कितीजणांनी विचारले? अर्ज इंग्रजी, हिंदी वा त्या प्रदेशाच्या राजभाषेत करावा, असे कायदा म्हणतो. आपल्या मराठीला येथे जागा नाही, ही सल खरी. पण तेवढ्यावरून हक्क सोडून देणे हा शहाणपणा नव्हे. कन्नड जाणणारा शेजारी आपल्याला परका नाही, आणि गटार त्याच्याही दारावरून वाहते.

एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. तळेगाव दाभाडे येथे जमीन व्यवहारांची माहिती मागणारे सतीश शेट्टी यांची १३ जानेवारी २०१० रोजी हत्या झाली. एकट्याने विचारलेला प्रश्न एकट्याच्या जिवावर बेततो. म्हणून प्रत्येक पेठेतून पाच-दहा जणांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या अर्जांनी विचारावा, आणि आलेले उत्तर चौकात, सर्वांदेखत वाचावे.

कोरे कागद ग्रंथपालांच्या मेजावर ठेवले आहेत. लिहिता न येणाऱ्यांचे अर्ज मी येथे बसून लिहून देईन.