खोडलेलंही वाचता आलं पाहिजे

म्हैसूरहून बोलतोय.

माझा भाचा नोंदी लिहायचं एक ॲप बनवतोय. परवा म्हणाला, "मामा, अनडूच्या पन्नास पायऱ्या पुरेत ना?" मी म्हटलं, पायऱ्या नंतर मोज, आधी माझं काय झालं ते ऐक.

एका सुभेदारसाहेबांच्या आठवणी मी फोनवर ऐकून टाइप करत होतो. आधीचं एक वाक्य कसं होतं ते बघायला कंट्रोल-झेड दाबत मागे गेलो. तिथे चुकून एक अक्षर पडलं. झालं! पुढे यायची वाट बंद, दोन पानं गेली. साहेब आता हयात नाहीत.

दोष माझ्या बोटाचा, पण रचनेचाही. बहुतेक प्रोग्रॅम अनडूची एकच सरळ रांग ठेवतात. मागे जाऊन नवं काही लिहिलंत की पुढची रांग टाकून देतात. हे अटळ नाही. ईमॅक्स या जुन्या एडिटरमध्ये मागे जाणं हीसुद्धा एक कृती म्हणून नोंदली जाते. व्हिममध्ये २००६ पासून फांद्या आहेत, जुनी फांदी मरत नाही.

फौजेत चूक खोडायची ती एक आडवी रेघ मारून, बाजूला सही करून. खालचं वाचता आलं पाहिजे. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं १९१९ ते १९६६ अशी वर्षं खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली, तीही याच शिस्तीनं: नाकारलेले पाठ तळटीपांत जपले. नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली, फार मोठं काम. पण त्यांनी काय वगळलं याची यादी आपल्याकडे नाही.

म्हणून भाच्याला सांगितलं: अनडू हातच्या चुकीसाठी, इतिहास बदललेल्या मतासाठी. दोन्ही वेगळे ठेव. जुनी आवृत्ती परत आणली तर ती नवी नोंद म्हणून वर बसव, मधलं पुसू नकोस. लिहिणारा थांबला की एक आवृत्ती जतन कर, आणि मोठा मजकूर कापण्याआधी तर नक्कीच. आणि मराठीचं भान ठेव. 'क्ष'मध्ये संगणकाला तीन चिन्हं दिसतात. एकेक चिन्ह मागे घेतलंस तर पडद्यावर लंगडा 'क्' उरतो. पायरी शब्दाची कर.

त्यानं विचारलं, "कुणी चुकून बँकेचा पासवर्ड लिहिला तर? तोही इतिहासात राहणार?" प्रश्न बरोबर होता. फौजेत गुप्त कागद जाळतात, पण काय जाळलं, कधी, कुणासमोर, याचा दाखला फाइलला लागतो. मी म्हटलं, मजकूर कायमचा जाऊ दे, पुसल्याची तारीख तेवढी राहू दे. तो भाग तो सध्या लिहितोय.